मदत हवी आहे: घर आणि बाग दोन्हीला चालेल असा पिकअप कोणता?

मंडळी, तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. घरची माणसं बसतील आणि मागं क्रेट, औषधाचे ड्रम जातील अशी एकच गाडी हवीय. टोयोटाची हायलक्स आणि इसुझूची व्ही-क्रॉस हे दोन्ही पिकअप मनात भरलेत. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर असलेलं मॉडेल घेतलं तर काळ्या रानातल्या चिखलाची काळजी नाही. पण लांबी 5.3 मीटर! समोरून ऊसाची ट्रॉली आली तर बाजूला घ्यायची कुठं? त्यात बोनेट एवढं उंच, की पुढ्यात उभं लहान पोर दिसायचं नाही. हे मला अजिबात पटत नाही. एसीलाही मातीच्या हातानं फिरवता येईल असं बटणच हवं, स्क्रीन नको.

सांगली-मिरजेकडं कुणी वापरतंय का? मागं पाटे (लीफ स्प्रिंग) असल्यानं रिकाम्या गाडीत मागच्या सीटवर किती आदळतं? गुडघे दुखणाऱ्या आईला चढता येईल का? की सरळ बोलेरो कॅम्पर घेऊ?