मदत हवी आहे : पाणलोटाच्या कामासाठी हलका लॅपटॉप घ्यावा की ताकदीचा?

नमस्कार मंडळी.

मी परभणीत राहते. जिंतूर, सेलू आणि गंगाखेड तालुक्यांतील गावांसाठी पाणलोटाचे आराखडे करून देणे, म्हणजे ओढे-नाले, चढ-उतार आणि गटांच्या हद्दी नकाशावर आणून समतल चर कोठे खोदावेत आणि नाला बांध कोठे घालावा हे ठरवून देणे, हा माझा नऊ वर्षांचा व्यवसाय आहे. सध्याच्या लॅपटॉपचे दिवस भरत आले आहेत आणि नव्यासाठी मी एक लाखापर्यंत रक्कम बाजूला ठेवली आहे. गेले तीन आठवडे पाहणी चालू आहे, परंतु मन ठरत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी वजनाचे सांगते. माझा सध्याचा लॅपटॉप गेमिंग प्रकारातला आहे. गेल्या महिन्यात उजवा खांदा फारच धरला, तेव्हा मी गल्लीतल्या किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बॅगेतील एकेक वस्तू ठेवून पाहिली. लॅपटॉप 2 किलो 340 ग्रॅम भरला आणि त्याचा विटेएवढा चार्जर वायरीसह 710 ग्रॅम भरला. दुकानदार म्हणाला, “ताई, तीन किलो तूरडाळ रोज जिंतूरला नेऊन परत आणता होय?” लॅपटॉपचे वजन जाहिरातीत ठळक छापतात, चार्जरचे मात्र कोणी छापत नाही, हे त्या दिवशी प्रथमच लक्षात आले. परभणी ते जिंतूर एसटी आणि तेथून पुढे कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जायचे, असा माझा प्रवास असतो. मांडीवर ठेवलेल्या बॅगेतला प्रत्येक पाव किलो खड्ड्यागणिक जाणवतो.

आता कामाचे. त्याचे दोन भाग आहेत आणि माझी अडचण नेमकी तेथेच आहे. पहिला भाग घरी होतो. ड्रोनने घेतलेली तीनशे-चारशे छायाचित्रे जोडून एकसंध नकाशा आणि उंचीचे प्रारूप तयार करायचे असते. हे काम रात्री लावून द्यावे लागते, पंखा विमानासारखा घोंघावतो आणि मधूनच मेमरी अपुरी पडून सगळे बंद पडते. दुसरा भाग गावात होतो. तयार नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून शेतकऱ्यांसमोर ठेवायचा, त्यांच्या सांगण्याप्रमाणे रेषा सरकवायच्या, गट क्रमांक पडताळायचे. याला फारशी ताकद लागत नाही, पण यंत्र तीन-चार तास चार्जरशिवाय टिकले पाहिजे आणि पडदा उन्हात दिसला पाहिजे. माझा दिसत नाही. मागच्या वैशाखात एका गावाच्या पारावर आम्ही नकाशा पाहत होतो, तर पडद्यावर ओढ्याऐवजी आमचीच तोंडे दिसत होती. शेवटी दोघांनी आपली उपरणी लॅपटॉपवर ताणून धरली आणि त्या सावलीत आम्ही पाच जण डोकी घालून बसलो. “मॅडम, ह्यो नाला आमच्या बांधाच्या अल्याड हाय, पल्याड न्हाई,” असे एक आजोबा बोटाने दाखवत होते आणि मला त्यांच्या बोटाखालची रेषाच दिसत नव्हती.

दुकानात मला मुख्यतः दोन प्रकार दाखवले गेले. एक सव्वा किलोच्या आसपासचा पातळ लॅपटॉप, 16 जीबी मेमरी आणि चांगला उजळ पडदा असलेला; तो माझी सगळी रक्कम खातो. दुसरा पुन्हा गेमिंग प्रकारातला, स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा. तो पंधरा-वीस हजारांनी स्वस्त आहे आणि कागदावर कितीतरी वेगवान आहे. पातळ यंत्रातले प्रोसेसर साधारण 15 ते 28 वॉटवर चालण्यासाठी आखलेले असतात आणि जाड यंत्रातले 45 वॉट व त्यापुढे, एवढे मी वाचले आहे. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 अंशांवर असतो तेव्हा या आकड्यांचे काय होते, हे कोठे लिहिलेले आढळले नाही.

शिवाय एक धास्ती आहे. सध्याच्या आधीचा माझा लॅपटॉप पातळ होता. एसटीत गर्दीत बॅग दाबली गेली, तेव्हापासून त्याची डावी बिजागरी करकरू लागली आणि दोन महिन्यांत झाकण उघडताना पडद्याची चौकटच उकलली. सेवा केंद्राने वॉरंटी नाकारली आणि त्यासाठी मला छत्रपती संभाजीनगरला तीन चकरा झाल्या. तेव्हा जास्त पैसे मोजून कमी वेग आणि कमी मजबुती घेण्यात शहाणपण आहे का, की मी खांद्याचेच औषध करावे? कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

कोरडवाहू, नांदेड

ताई, आपण कामाचे दोन भाग स्वतःच केलेत, त्यामुळे उत्तर अर्धे आपल्याच लेखनात आहे. गेमिंग लॅपटॉपचा कागदावरचा वेग चार्जर जोडलेला असतानाचा असतो. बॅटरीवर येताच ग्राफिक्स कार्डाला मिळणारी वीज मोठ्या प्रमाणात कमी केली जाते, कारण तेवढा भार बॅटरीला पेलवत नाही. म्हणजे पारावर बसल्यावर आपण ज्या ताकदीचे ओझे वाहून आणले, ती ताकद तेथे उपलब्धच नसते.

उष्णतेविषयी. पातळ यंत्र सुरुवातीचा थोडा वेळ जोरात धावते आणि तापले की स्वतःहून वेग कमी करते. नकाशा उघडणे, रेषा सरकवणे ही कामे त्या थोड्या वेळात बसतात. रात्रभर चालणारी छायाचित्रांची जुळणी बसत नाही. ॲपल आपल्या मॅकबुकसाठी वापराचे तापमान 10 ते 35 अंश असे लिहिते. आपल्याकडे वैशाखात सावलीतसुद्धा ती मर्यादा ओलांडली जाते, तेव्हा कोणतेही यंत्र घेतले तरी दुपारी बारा ते चार ते उन्हात ठेवू नये आणि दुचाकीच्या डिक्कीत तर मुळीच ठेवू नये. बॅटरीचे आयुष्य तेथेच संपते.

बिनपंख्याचा

एवढे लिहिण्यापेक्षा सरळ मॅकबुक एअर घ्या. पंखाच नाही, त्यामुळे काळ्या मातीची धूळ आत ओढली जाण्याचा प्रश्न नाही, आणि पडदा 500 निट्सचा (निट हे उजळपणाचे माप) आहे.

धागाकर्ती

धुळीचा मुद्दा मला पटला, कारण माझ्या जुन्या यंत्राच्या पंख्यातून दर वर्षी चिमूटभर रान निघते. क्यूजीआयएसही मॅकवर चालते. परंतु जलसंधारणाच्या कामात मला सिव्हिल थ्रीडी या बांधकाम-आराखड्यांच्या सॉफ्टवेअरच्या फायली येतात आणि ते मॅकवर चालत नाही. माझ्या जीपीएस यंत्राचे सॉफ्टवेअरही फक्त विंडोजचे आहे.

कोरडवाहू, नांदेड

मग विंडोजमध्येही स्नॅपड्रॅगन, म्हणजे मोबाइलमधल्या जातीच्या, प्रोसेसरचे लॅपटॉप टाळा. त्यांची बॅटरी उत्तम टिकते आणि बरेचसे जुने सॉफ्टवेअर अनुकरणाने चालतेही, परंतु जुन्या उपकरणांचे ड्रायव्हर, म्हणजे उपकरण लॅपटॉपशी जोडून देणारे प्रोग्राम, तसे चालत नाहीत. ते त्या प्रोसेसरसाठी वेगळे लिहावे लागतात. आपले जीपीएस यंत्र जुने असेल तर ते गावात पोहोचल्यावर मुके होईल.

पेचकस, लातूर

माझे लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान आहे, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पातळ आणि हलका हे दोन वेगळे गुण आहेत, पण दुकानात ते एकाच भावात विकले जातात. 2008 साली स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून पहिला मॅकबुक एअर बाहेर काढला, तेव्हा तो सर्वांत जाड भागी 19.4 मिलिमीटर होता आणि वजन 1.36 किलो होते. आजचा 13 इंची एअर 11.3 मिलिमीटर आहे आणि वजन 1.24 किलो. जाडी चाळीस टक्क्यांहून अधिक घटली, वजन मात्र जेमतेम सव्वाशे ग्रॅम. उलट 14 इंची एलजी ग्रॅम एअरपेक्षा जाड असूनही वजनाला किलोभराच्या आसपास येतो, कारण त्याचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते. खांद्याला ग्रॅम कळतात, मिलिमीटर कळत नाहीत. आपण मिलिमीटरसाठी पैसे मोजू नका.

बिजागरीचे म्हणाल तर ती बहुधा स्वतः तुटत नाही. ती ज्या प्लास्टिकच्या खुंट्यांत स्क्रूने बसवलेली असते, त्या खुंट्या उपटतात. माझ्या टेबलावर आठवड्याला असे दोन-तीन येतातच. दुकानात यंत्र हातात घेतल्यावर झाकण एका कोपऱ्याने धरून उघडून पाहावे; चौकट पिळवटली तर ते एसटीचे यंत्र नव्हे. आणि पातळ यंत्रांत बहुधा मेमरी बोर्डावरच झाळलेली असते, ती पुढे कोणीही वाढवून देऊ शकत नाही, मीसुद्धा नाही. घेताना जेवढी घ्याल तेवढीच शेवटपर्यंत.

आणखी एक. आपला जुना गेमिंग लॅपटॉप विकू नका. त्यात मेमरीच्या दोन खाचा असतात. मेमरी वाढवा, पंखा साफ करून घ्या, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदला आणि त्याला घरी टेबलावर कायमचा बसवून रात्रीची जुळणी त्याच्याकडे सोपवा. बॅटरी उतरलेली असली तरी टेबलावर त्याने फारसे बिघडत नाही, मात्र वीज जाते तेवढ्यासाठी इन्व्हर्टरवर घ्या.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. जुना लॅपटॉप टाकून देण्याची वस्तू आहे असे मी गृहीत धरले होते आणि म्हणूनच एकाच यंत्राकडून दोन्ही कामांची अपेक्षा करत होते. काल तो खोलून पाहिला. मेमरीची एक खाच रिकामीच होती, इतकी वर्षे! 16 जीबीची पट्टी मागवली आहे.

त्यामुळे नव्या यंत्राकडून असलेल्या अपेक्षा खूपच उतरल्या आहेत. इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर, 16 जीबी मेमरी, पंखा असलेला चालेल, वजन चार्जरसह दीड किलोच्या आत, आणि टाइप-सी चार्जिंग, म्हणजे गावात कोणाच्याही घरी 65 वॉटचा मोबाइल-लॅपटॉपचा एकच चार्जर पुरेल. घरी येऊन दुरुस्ती करून देणारी वॉरंटी परभणीच्या पत्त्यावर लागू आहे का, हे पैसे देण्यापूर्वी लेखी घेणार आहे. ग्राफिक्स कार्ड आणि पातळपणा दोन्ही यादीतून काढून टाकले आहेत आणि त्यामुळे अंदाजपत्रकात पंचवीस-तीस हजार मोकळे होतील असे दिसते. त्यातले काही मेमरी कार्डाच्या रीडरला आणि जाड कप्प्याच्या बॅगेला जातील.

येत्या शनिवारी मराठवाडा एक्सप्रेसने संभाजीनगरला जाते आहे. पेन ड्राइव्हमध्ये माझाच एक नकाशा घेतला आहे, तोच ओढ्याचा. दुकानदाराने परवानगी दिली तर लॅपटॉप फुटपाथवर भर उन्हात नेऊन तो उघडणार आहे, आणि ती रेषा दिसली तरच पाकीट काढणार आहे. काय झाले ते येथेच कळवते.