मदत हवी आहे: समुद्राजवळ कॉटेज, स्वतःचा हॉट टब असलेलं (तातडीचं)

घाईत_गार्गी
नमस्कार मंडळी. समुद्राजवळ कॉटेज हवंय, हॉट टब फक्त आपल्यापुरता असलेलं. सामायिक पूल नको, आईला दहा परक्या माणसांत उतरवणार नाही. तीन दिवस शोधतेय. फोटोत निळं पाणी, गुलाबाच्या पाकळ्या, मेणबत्त्या, फोन केला की "मॅडम, दुपारी ऊन असतं ना, पाणी गरमच होतं." एका ठिकाणी उद्या दुपारपर्यंत ५० टक्के ॲडव्हान्स भरायचाय. स्वतः राहून आलेल्यांनीच सांगा. लिंका देऊ नका, सगळ्या पाहून झाल्यात.

खारा_वारा
कोकण की गोवा? आणि कोकण म्हणजे नेमकं कुठे? पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत ७०० किलोमीटरहून लांब किनारा आहे, ताई.

घाईत_गार्गी
अहो कोकणच. दापोलीच्या बाजूला.

सदू_सातपाटील
किती जण? तारीख? निघणार कुठून? बजेट?

मांडवा_मेल
दापोलीला कशाला जाताय? अलिबागजवळ आवास, किहीम, नागाव बघा. गरम पाण्याचे टबवाले बंगले त्या पट्ट्यातच जास्त. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी चढवायची, मांडव्याला उतरायचं, जेवायच्या आत बंगल्यावर. आम्ही दर वर्षी जातो.

घाईत_गार्गी
@मांडवा_मेल आम्ही पुण्याहून निघणार. भाऊच्या धक्क्यावर कशाला येऊ?
@सदू ९ जण, २४ ते २७ डिसेंबर. बजेटचं नंतर बघू, आधी टब मिळू दे.

सदू_सातपाटील
२४ ते २७ डिसेंबर!! हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. त्या आठवड्यात कर्दे-मुरूडला गोठ्यालासुद्धा "सी व्ह्यू" लावून भाडं घेतात.

कर्द्याचा_बाळ्या
माझं तिकडे छोटं घर आहे, भाड्याने देत नाही, म्हणून बिनधास्त लिहितो. आमच्याकडे "जकूझी" ह्या शब्दाचे तीन अर्थ आहेत. एक, बाथरूममधला मोठा टब, बुडबुडे येतात पण पाणी घरच्या गीझरचं. दोन, अंगणातला छोटा प्लंज पूल, पाणी विहिरीचं आणि थंडगार. तीन, खरा हॉट टब, म्हणजे स्वतःचा हीटर, फिल्टर आणि वर झाकण. तिसरा फारच कमी ठिकाणी आहे. मालकाला एवढंच विचारा, "टबाला झाकण आहे का?" तो "कसलं झाकण?" म्हणाला तर समजून जा. गरम ठेवायचं पाणी रात्रभर कुणी उघडं टाकत नाही.

वॉट_मोजणारा
बाळ्याभाऊंशी सहमत, त्यात आकड्यांची भर. चार-पाच जणांच्या टबात १२०० लिटर पाणी धरू. २५ अंशांवरून ३९ वर न्यायला साधारण १९-२० युनिट वीज लागते. ३ किलोवॅटचा हीटर असेल तर साडेसहा तास, तेही उष्णता कुठेच वाया गेली नाही असं धरून. आणि गीझरने भरणार म्हणाले तर ६० अंशांचं ४८० लिटर पाणी लागेल, म्हणजे २५ लिटरचा गीझर १९ वेळा भरून रिकामा. शेवटचा गीझर पडेपर्यंत पहिल्याचं पाणी निवलेलं असेल.

तेव्हा विचारा: हीटर किती किलोवॅटचा, आम्ही पोचायच्या किती तास आधी चालू करणार, आणि लाईट गेली तर टब जनरेटरवर आहे का. इन्व्हर्टरवर पंखे-दिवे चालतात, हे नाही.

आबा_आडिवरेकर
एवढी गणितं कशाला? परसात तांब्याचा बंब ठेवा, दोन ढलप्या आणि चार नारळाच्या सोडणी घाला. आमच्या घरी ११ माणसांच्या आंघोळी एका बंबावर व्हायच्या, वर बाळंतिणीचं पाणी वेगळं.

वॉट_मोजणारा
आबा, बंबात २० लिटर मावतं. इथे १२०० हवंय.

आबा_आडिवरेकर
मग ६० बंब. तुम्हीच हिशेब करताय म्हणून सांगितलं.

उन्हाळं_प्रेमी
मुळात विकतचा टब कशाला? दापोलीहून वाकवलीमार्गे उन्हवऱ्याला जा. जमिनीतून येणारं कढत पाणी, गंधकाचा वास, बाया-पुरुषांची कुंडं वेगळी, ना वीज ना हीटर. येताना पन्हाळेकाजीची लेणीही होतात. माझी कंबर धरली होती, तीन दिवस लागोपाठ गेलो, चौथ्या दिवशी सायकल चालवली. उन्हवरं, आरवली, तुरळ, राजापूर, आपल्या कोकणात निसर्गाने फुकट दिलेलं असताना लोक गुलाबाच्या पाकळ्यांना पैसे मोजतात.

मांडवा_मेल
ताईंनी "परक्या माणसांत उतरवणार नाही" लिहिलंय. वाचा की.

उन्हाळं_प्रेमी
पहाटे पाचला जायचं. कुणी नसतं.

भोचक_भवानी
गार्गीताई, कुठल्या रस्त्याने येणार? आणि जेवण घरगुती की हॉटेलचं? त्यावर गाव ठरतं. हर्णै-आंजर्ल्याला मासे उत्तम, संध्याकाळचा हर्णैचा लिलाव बघा, पण गडबड आणि वासाची तयारी ठेवा. मुरूडला घरगुती शाकाहारी सोय बरी होते, उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगायचे.

घाईत_गार्गी
ताम्हिणी-माणगाव-मंडणगड ठरवलंय. दोन गाड्या आहेत, हळूच यावं लागेल कारण बहिणीला तिसरा महिना आहे आणि वळणांत तिला मळमळतं. जेवण घरगुतीच हवं, बाबांना स्टेंट बसवल्यापासून तेल-खोबरं कमी सांगितलंय. पण हे सोडा, मला टबाचं सांगा!!

डॉ_खवचट
थांबा. हे सोडायचं नाहीये.

तिसरा महिना, आणि ३९-४० अंशांचा टब? पहिल्या तीन महिन्यांत शरीराचं तापमान वाढू द्यायचं नसतं, गर्भाच्या वाढीला धोका असतो. तुमच्या बहिणीने टबात बसायचं नाही. पाय बुडवून काठावर बसू दे. आणि स्टेंट कधी बसवला? गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो, माणूस उठताना भोवंडून पडतो. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको.

घाईत_गार्गी
ऑगस्टमध्ये बसवला. आता ते रोज चार किमी चालतात हो, ठणठणीत आहेत.

डॉ_खवचट
चालणं वेगळं, उकळत बसणं वेगळं. विचारा.

सदू_सातपाटील
मग ९ जणांतले टबात बसणार तरी कोण?

घाईत_गार्गी
आई. गुडघे. तिला गरम पाण्याचा शेक बरा वाटतो, आणि गेल्या वर्षी घाटावरच्या एका रिसॉर्टमध्ये "जकूझी" म्हणून नेलं तर थंड पाणी. ती काठावर टॉवेल घेऊन तासभर बसून राहिली, कुणाला काही बोलली नाही. यंदा आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. एवढंच कारण आहे. आता झालं का समाधान सगळ्यांचं?

भोचक_भवानी
अगं, आधी का नाही सांगितलंस. बरं, आता सगळे नीट सांगतील.

जुनी_पत्रं
गुडघ्यांवरून आठवलं. जकूझी हे एका इटालियन कुटुंबाचं आडनाव. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ह्या भावांचा पंपांचा धंदा होता. त्यांच्यातल्या कँडिडो यांच्या मुलाला लहानपणीच संधिवात जडला, त्याला घरीच पाण्याच्या धारांचा शेक मिळावा म्हणून टबात सोडायचा पंप तयार केला. आत बसवलेल्या धारांचा टब पुढे १९६८ मध्ये आला. म्हणजे तुमच्या आईंची मागणी मूळ कामाला धरूनच आहे, मेणबत्त्या नंतरच्या.

मांडवा_मेल
छान माहिती. पण अलिबागच.

कर्द्याचा_बाळ्या
गार्गीताई, आईंसाठी असेल तर आणखी तीन गोष्टी बघा, ह्या फोटोत दिसत नाहीत. टबात उतरायला पायऱ्या आणि धरायला दांडी हवी. बरेच टब मांडीएवढे उंच असतात, गुडघेदुखीच्या माणसाने चढायचं कसं? दुसरं, किनाऱ्यालगत बोअरचं पाणी खारट-जड असतं, हीटरवर पापुद्रे धरतात आणि हळूहळू तो कुचकामी होतो. टँकरचं पाणी घालतात का विचारा. तिसरं, पाणी प्रत्येक पाहुण्यामागे बदलतात का.

डॉ_खवचट
बदलत नसतील तर क्लोरीन आणि फिल्टर नीट हवा. कडेला बुळबुळीत हात लागला, पाण्यावर फेस राहिला तर उतरू नका. दोन दिवसांनी अंगावर पुटकुळ्या येतात आणि लोक सुरमईवर आळ घेतात. आईंना १०-१५ मिनिटं पुरे, जेवल्यावर लगेच नको, आणि एकटीला सोडू नका.

उन्हाळं_प्रेमी
उन्हवऱ्याला क्लोरीन लागत नाही.

डॉ_खवचट
उन्हवऱ्याला दांडीसुद्धा नाही.

आंजर्ले_एक्सप्रेस
गाड्या वाळूवर नेऊ नका. दर डिसेंबरला ट्रॅक्टर बोलावून ओढाव्या लागतात आणि ट्रॅक्टरवाला भरतीची वेळ बघून भाव सांगतो.

घाईत_गार्गी
अपडेट. मालकाला फोन केला. "टबाला झाकण आहे का?" म्हटलं. बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "मॅडम, झाकण करून घेऊ की, पत्र्याचं." ॲडव्हान्स भरला नाही.

दुसरं एक सापडलं, समुद्रापासून दीड किमी आत, वाडीत. हीटर ६ किलोवॅट, जनरेटर आहे, झाकण आहे, तीन पायऱ्या आणि स्टीलची दांडी आहे. व्हिडिओ कॉलवर पाण्यात थर्मामीटर घालून दाखवायला सांगितलं तर बाई हसल्या, पण घातला. ३८. समुद्र दिसत नाही मात्र. भाऊ कुरकुरतोय.

वॉट_मोजणारा
६ किलोवॅट म्हणजे सव्वातीन तास. घ्या.

सदू_सातपाटील
भावाला म्हणावं गच्चीवर जा.

आबा_आडिवरेकर
वाडीत असेल तर बंबसुद्धा असणार. विचारून ठेवा.

घाईत_गार्गी
आबा, विचारलं. आहे. 😄

फिरस्ता_नवा
नमस्कार, धागा वाचतोय. मलाही असंच कॉटेज हवंय, तातडीने. कुणी सांगेल का?

सदू_सातपाटील
किती जण? तारीख? निघणार कुठून?