गिरगावचं भुयारी स्टेशन खोदलं कसं?

परवा आत्याकडे गिरगावात गेलेलो, मेट्रो ३ ने. वर एवढीशी गल्ली, जुन्या चाळी, आणि खाली आमच्या अख्ख्या वाडीची जत्रा मावेल एवढं स्टेशन, फलाटाला काचेचे दरवाजे. रत्नागिरीवाल्याला जरा समजवा ओ.

> बाकी बहुतेक स्टेशनं वरून खड्डा खणून, मग स्लॅब टाकून केली. गिरगाव-काळबादेवीत रस्ताच अरुंद, म्हणून बराचसा भाग खालूनच एनएटीएम (न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड) पद्धतीने फोडला, म्हणजे थोडं खोदायचं की लगेच शॉटक्रीट (फवाऱ्याने मारायचं काँक्रीट) मारून आधार द्यायचा. ३३.५ किमीत २७ स्टेशनं, फक्त आरे जमिनीवर.

> तरी काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्याच हां.

> आपला कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा साडेसहा किमी, पण तिथे डोक्यावर डोंगर होता, भाडेकरू नव्हते 😄

> दादा, आत्याची चाळ शाबूत ना?