‘आई, बघ ना’ ऐकलं की माझंच डोकं का फिरतं? (मदत हवी आहे)

लेक साडेसहा वर्षांची, पहिलीत. माझं रोजचं डोंबिवली-दादर, घरी यायला पावणेआठ. चपला काढेपर्यंत सुरू होतं, "आई बघ ना, आई बघ ना." कधी कोलांटउडी, कधी चित्र, कधी नुसतंच. पाच मिनिटं बघते. मग आत काहीतरी तडकतं आणि तोंडातून निघतं, "अगं, तुला कमी काय आहे?" शब्द, हेल, सगळं माझ्या आईचं.

दमणूक हे कारण मी दोन वर्षं धरून बसले होते. पण मग रविवारी दुपारी मस्त झोप काढून उठल्यावरही तेच का होतं? ऑफिसात लोक दिवसभर डोकं खातात, तिथे पारा चढत नाही.

थोडं मागचं. तीन भावंडांत मी थोरली. धाकट्याला दमा, घरात कायम दवाखाना. "आमच्या मोठीचं काही करावं लागत नाही," असं आई येईल त्याला सांगायची आणि मला ते बक्षीस वाटायचं. तिसरीत एकदा शाळेत ताप भरला. मधल्या सुट्टीपासून शाळा सुटेपर्यंत बाकावर डोकं टेकून काढला, घरी बोलले नाही. आईला दोष देत नाही, तिला खरंच हात कमी पडत होते. पण लेक हक्काने मागते ना, तेव्हा (लिहायला लाज वाटतेय) मला तिचा हेवा वाटतो.

धागा काढायचं कारण वेगळंच. गेल्या आठवड्यात सकाळी आंघोळ घालताना तिचा गुडघा सोललेला दिसला, रक्त वाळलेलं. आदल्या संध्याकाळी खाली खेळताना पडली होती. सांगितलं का नाहीस? "तू दमली होतीस ना." नणंद कौतुकाने म्हणाली, "किती समजूतदार आहे!" माझ्या पोटात गोळा आला.

दहा आकडे मोजणं, पाणी पिणं करून झालंय. तिला त्या वेळी खरंच काही हवंय की माझंच जुनं उफाळलंय, हे तुम्ही कसं ओळखता? आणि ओरडून झाल्यावर काय करता? कृपया "नोकरी सोडा" नको.

पायरीवरचा: ताई, मी बाप आहे, पण गोष्ट तीच. माझी खूण म्हणजे वाक्य. "नाटकं बंद कर" असं मी बायकोला, मित्रांना कधीच म्हणत नाही. ते वडिलांचं. ते ओठांवर आलं की समजायचं, हे पोराचं नाही. दुसरं, खाली गाडी लावून पाच मिनिटं फोन न काढता बसतो. वर गेल्यावर आधी पोरगा, मग चहा. पंधरा मिनिटं पूर्ण दिली की तोच उठून जातो. अर्धं लक्ष दिलं तर तासभर लोंबकळतो.

जुनं खोड: आम्ही सहा भावंडं. कोण बघत होतं? काही बिघडलं नाही.

शाळेतली बाई: काका, ते तुमच्या मुलांना विचारून कळवा :)
ताई, मी शाळेत समुपदेशक आहे. बालमनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली एक निरीक्षण मांडलं होतं. लहानपणी काय घडलं ते पुष्कळांना आठवतं, पण तेव्हा काय वाटलं होतं हे ज्यांना आठवतं, ते सहसा तेच मुलांना देत नाहीत. तुम्हाला बाकावरचा ताप आठवतोय. त्यापुढचं, म्हणजे तेव्हा आईने काय करायला हवं होतं, तेही एकदा लिहून काढा.
ओरडल्यानंतरचं: मानसशास्त्रज्ञ एड ट्रॉनिक यांनी आई-बाळांच्या जोड्या बारकाईने पाहिल्या. चांगल्या जोड्यांतही सूर जुळलेला वेळ निम्म्याहून कमी, बाकी चुकणं आणि पुन्हा जुळवणं. म्हणून परत जा. "मी चिडले, ते तुझ्यामुळे नाही," एवढंच सांगा. रडून माफी मागू नका, नाहीतर तीच तुम्हाला समजवत बसेल आणि पुन्हा शहाणी होईल. एकटीला जड गेलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत, मराठीतही बोलतात.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. काल ओरडलेच. अर्ध्या तासाने जाऊन ते वाक्य म्हटलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आता बघ." चौदा कोलांटउड्या मोजल्या. लिहून काढायचं मात्र दोनदा बसून अर्धवट सोडलंय. १४४१६ ला शनिवारी फोन करते.