मदत हवी आहे: ‘चुळबूळ’ आणि ‘चळवळ्या’ यांतला फरक समजावून कसा सांगू?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या शेजारच्या भाभी मूळच्या लखनौच्या, हौसेनं मराठी शिकताहेत. परवा लेकाची शाळेची डायरी घेऊन आल्या. मराठीच्या बाईंनी लिहिलं होतं, ‘वर्गात सतत चुळबुळ करतो.’ भाभी खूश! हिंदीतला ‘चुलबुला’ म्हणजे खट्याळ, गोड. त्यांना ते कौतुकच वाटलं. तक्रार आहे म्हटल्यावर चेहरा उतरला. (अकारान्त शब्दातला उपान्त्य उकार दीर्घ, म्हणून ‘चुळबूळ’ हवं, हे मी गिळलं.)

मग नेमका अर्थ काय, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, बसल्या जागी चाललेली अंगाची हालचाल. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीवर टेकलेला माणूस ठाण्यापासून कुर्ल्यापर्यंत करतो ना, ती. उठून फिरायला लागला की येरझारा. वळवळ किड्याची, माणसाला म्हटलं तर हेटाळणी. तळमळ आतली. हे त्यांना पटलं.

घोडं अडलं ते आईपाशी. ती चिपळूणची. त्याच पोराला बघून लाडानं म्हणाली, “मेला भारी चळवळ्या आहे हो!” भाभींना चळवळ म्हणजे संयुक्त महाराष्ट्राची तेवढी ठाऊक. “आठ साल का बच्चा, कौनसे मोर्चे में जाता है?”

मला आठवलं ते दासबोधातलं ‘सामर्थ्य आहे चळवळेचें’ (दशक २०, समास ४). तिथे काही आजच्यासारखा मोर्चा नाही, हालचाल-खटपट असाच अर्थ मी लावतो. म्हणजे आईचा ‘चळवळ्या’ जुन्या अर्थाला धरून आणि संघटित आंदोलनाचा अर्थ मागाहून चिकटलेला, असा माझा अंदाज. बरोबर आहे का? जाणकारांनी कान धरावा.

तुमच्याकडे, विशेषतः विदर्भ-खानदेशात, न टिकणाऱ्या पोराला ‘चळवळ्या’ म्हणतात का? की वेगळा शब्द आहे?

अजून एक. ‘सभेत चुळबूळ सुरू झाली’ सर्रास चालतं, पण भाभींनी वहीत ‘मेरे मन की’ म्हणून ‘माझ्या मनाची चुळबूळ’ लिहिलंय. माझ्या कानाला खटकतं, मी ‘घालमेल’ सुचवलं. पण घालमेल फार जड होते हो. त्यांना फक्त भाजीवाला आला नाही म्हणून वाटलेली अस्वस्थता सांगायची होती. त्याला हलकासा शब्द सुचवा. रविवारी सांगतो म्हणून बसलोय.