सिकलसेल हाय म्हणून ग्रामसभेत गप्प बसाचं का?

कुरखेडा साइडचा:
नमस्कार मंडळी. मी 26 वर्षाचा, एसएस पॅटर्नचा (म्हणजे नुसता वाहक नाई, आजारच हाय) सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा पेशंट, गडचिरोली जिल्हा. मागच्या रोवण्यात अर्धा दिवस बांधीत चिखलात उभा राहिलो अन् रात्री क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा झटका आला, मांड्या अन् पाठ अशी ठणकली की कुशीवर होता येईना, माय पहाटेपर्यंत गरम पाण्याची पिशवी धरून बसली. हे झटके कमी याले हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज लागते, ते आमच्या दवाखान्यात दोन महिन्यापासून नाई, दर वेळेस पुढच्या आठवड्यात या म्हणतात. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हे मांडतो म्हटलं तं मोठा बाबा म्हणते तब्येत सांभाळ, राजकारण तुयं काम नाई. मले पटत नाई. गोळी किती पाठवाची, कुठं पाठवाची हे कोणीतरी ठरवतेच ना, मंग ते राजकारणच झालं. काय मागू ते सांगा.

आशाताई:
भाऊ बोलच. पण तोंडी नको, लोकं हो हो म्हणतात अन् चहा पिऊन घरी जातात. अर्ज आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (आधीचा ग्रामसेवक) दे, पोच घे, गोळी नसल्याच्या तारखा टाक, अन् ठराव रजिस्टरमधे लिहेपर्यंत उठू नको. गाव पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभेचा कायदा) असन तर 5 टक्के अबंध निधीतून, म्हणजे गावानं ठरवून वापराच्या पैशातून, आरोग्यावर खर्च करता येते, तेही मांड. तोवर गोळी बंद ठेवू नको, जिल्हा रुग्णालयात विचार.

नागभीडचा काका:
बाबू, 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार हायेत, त्यात सिकलसेल हाय. माह्या पोरीच्या सर्टिफिकेटले गेलो तं पहिल्यांदा म्हणाले हातपाय तर चांगले हायेत. मंग सगळे डिस्चार्ज कार्ड अन् रक्त चढवल्याच्या नोंदी घेऊन पुन्हा गेलो, तवा 40 टक्क्याच्या वर दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट भेटलं. ग्रामपंचायतीनं सोताच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगावर खर्च कराचे असतात, त्याचा हिशोब माग. आमच्याकडं कोणी मागतच नाई.

गोंदियाची:
दादा, बोला, पण मोठ्या बाबाची भीतीही समजून घ्या. आमच्या गावात तपासणीची यादी सगळ्यासमोर वाचली अन् माझ्या बहिणीची जमलेली सोयरीक मोडली, ती फक्त वाहक होती, तिला आजार नव्हताच. मला अजूनही त्याचा राग येतो. दुसऱ्यांची नावं घेऊ नका. आणि रक्ताचं पण ठरावात घ्या, सिकलसेलवाल्याला रक्त फुकट अन् बदली डोनर न मागता मिळायला पाहिजे, तरी घरच्यांना डोनर आणा म्हणून पळवतात.

कुरखेडा साइडचा:
हे नावाचं माह्या ध्यानातच नव्हतं. माझं नाव टाकतो, बाकीच्यायचा फक्त आकडा. ओपीडीच्या चिठ्ठ्या काढल्या, पाच तारखा सापडल्या. ताई, पोच नाई देली तं?

आशाताई:
स्पीड पोस्टानं पाठव, पावती जपून ठेव. अन् सभेच्या दिवशी पाण्याची बाटली सोबत ने, उन्हात बसू नको.