मिनिएचर युद्धखेळाचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला जावा, यासाठी काय करावे?

प्रश्न

मी आणि माझा एक मित्र गेली दोन वर्षे टेबलावरचे मिनिएचर युद्धखेळ, मुख्यतः वॉरहॅमर ४०,०००, खेळत आहोत आणि काही महिन्यांपासून आमच्या सामन्यांचे व्हिडिओही तयार करू लागलो आहोत. पुतळे आम्ही स्वतः रंगवतो, सहा फूट लांब आणि चार फूट रुंद टेबलावरच्या पडक्या इमारती व टेकड्याही आम्हीच बनवलेल्या आहेत, आणि हे काम इतरांनी आवडीने पाहावे अशी आमची मनापासून इच्छा आहे. अडचण अशी, की एका सामन्याचा व्हिडिओ दीड-दोन तासांचा होतो आणि बहुतेक प्रेक्षक पहिल्या पाच-सात मिनिटांतच निघून जातात.

सध्या टेबलाच्या एका कोपऱ्यात तिपाईवर फोन लावलेला असतो आणि आम्ही खेळता खेळता बोलत असतो. मागच्या आठवड्यात मी आमचाच एक व्हिडिओ पुन्हा पाहिला, तेव्हा तिसऱ्या फेरीत कोणाची तुकडी कुठे उभी आहे हे मलाही ओळखता येईना. जो सामना मी स्वतः खेळलो, तो मलाच कळत नसेल तर परक्या माणसाला कसा कळावा? शिवाय नियम समजावत बसलो तर जाणकार कंटाळतात आणि न समजावल्यास नवखे गोंधळतात. रंगवताना घेतलेली मेहनतही चित्रात उतरत नाही. पुतळे सपाट आणि निर्जीव दिसतात.

आमच्याकडे दोन फोन आणि लेन्स बदलता येणारा एक जुना कॅमेरा आहे. एवढ्या साधनांत काय बदलावे, काय कापावे आणि काय ठेवावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

तुमच्या प्रश्नातच निम्मे उत्तर आलेले आहे. जो सामना खेळणाऱ्यालाच पुन्हा पाहताना कळत नाही, त्याचे चित्रीकरण झालेले असते, पण त्याची गोष्ट सांगितली गेलेली नसते. कॅमेरा कितीही चांगला आणला तरी ही उणीव भरून निघणार नाही, म्हणून आधी संकलनाबद्दल लिहितो.

प्रेक्षकाला टेबलावरची प्रत्येक हालचाल नको असते. त्याला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: या क्षणी खेळाडूपुढे कोणते पर्याय आहेत, तो कोणता निवडतो आणि त्या निवडीत काय पणाला लागले आहे. यांपैकी काहीच नसलेला भाग, मग तो वीस मिनिटांचा का असेना, नकाशावर दोन बाण दाखवून एका वाक्यात उरकता येतो. मागे राहिलेल्या चार तुकड्या सहा-सहा इंच पुढे सरकल्या, हे सांगायला दहा सेकंद पुरतात. उलट एखादा खेळाडू मधले ठाणे सोडून बाजूने वळसा घालायचा विचार करत असेल, तर तिथे खुशाल दोन मिनिटे थांबावे आणि त्याच्या मनात काय चालले आहे ते त्याच्याच तोंडून ऐकवावे.

एक उदाहरण देतो. तुमच्या खेळात शत्रूवर धावा करताना दोन फासे टाकतात आणि त्यांची बेरीज ही धाव्याची इंचांतली लांबी असते. समजा, राखीव तुकडी नुकतीच टेबलावर उतरली आहे आणि तिला शत्रूपर्यंत पोहोचण्यासाठी ९ किंवा अधिक हवे आहेत. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी केवळ १० शक्यतांत ९ किंवा अधिक येतात, म्हणजे यशाची शक्यता सुमारे २८ टक्के आहे. दोन्ही फासे पुन्हा टाकण्याची संधी खेळाडूने राखून ठेवली असेल, तर ती सुमारे ४८ टक्क्यांवर जाते. हे फासे पडल्यानंतर सांगून काहीही उपयोग नाही. फासे हातात असताना, आकडा पडद्यावर दाखवून सांगा, आणि धावा फसला तर ती तुकडी उघड्यावर सापडून पुढच्या फेरीत गारद होईल, हेही सांगा. मग ज्याने हा खेळ कधीच पाहिलेला नाही, तोही फाशांकडे श्वास रोखून पाहील. नियम किती समजावायचे, याचे माझे उत्तर यातच आहे: पुढच्या फाशाचा अर्थ कळण्यापुरता नियम सांगावा, आणि तोही त्या फाशाच्या आधी.

सुरुवातीला सेनांची संपूर्ण यादी वाचून दाखवत असाल, तर ते आजच बंद करा. पहिल्या मिनिटात दोन्ही सेना एकेका वाक्यात ओळखू याव्यात, जसे की एकीकडे संथ पण चिवट पायदळ आणि दुसरीकडे वेगवान पण नाजूक घोडदळ. सामना कशाने जिंकला जाणार तेही तिथेच सांगावे. दोन-तीन तुकड्यांना नावे द्या आणि पूर्ण व्हिडिओत तीच वापरा. पन्नास पुतळे प्रेक्षकाच्या लक्षात राहत नाहीत; पुलाजवळ अडकलेला एक सरदार मात्र राहतो.

ही युक्ती मुळीच नवी नाही. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली खेळण्यातल्या सैनिकांच्या युद्धखेळावर पुस्तक लिहिले, तेव्हा नियमांबरोबर एका लढाईचा वृत्तांतही छायाचित्रांसह दिला आणि तो सांगताना स्वतः एका अनुभवी सेनापतीची भूमिका घेतली. नियम वाचून जे कळत नाही, ते त्या वृत्तांतातून कळते. आपण आज व्हिडिओत करतो ते काम याच परंपरेतले आहे, असे मी मानतो आणि म्हणूनच निवेदनाला मी कॅमेऱ्याहून वरचे स्थान देतो.

दुसरे उत्तर

वरचे उत्तर योग्य आहे, परंतु पुतळे सपाट का दिसतात हा प्रश्न त्यात राहून गेला आहे, म्हणून चित्रीकरणाबद्दल सविस्तर लिहिते.

दोन फोनांपैकी एक टेबलाच्या बरोबर मध्यावर, वरून खाली पाहणारा असा कायमचा बसवा. तुमच्या टेबलाचे लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२ आहे आणि चित्रचौकट १६:९ असते. त्यामुळे आधी बसवायची असते ती टेबलाची चार फुटांची बाजू, आणि डाव्या-उजव्या कडांना थोडी मोकळी जागा उरते. त्या जागेत गुणफलक आणि फेरीचा क्रमांक ठेवावा, म्हणजे तो कोणत्याही पुतळ्यावर येणार नाही. फोनची नेहमीची लेन्स असेल तर टेबलापासून दीड ते पावणेदोन मीटर उंची लागते. कमी उंचीवर काम भागावे म्हणून अतिरुंद लेन्स वापरू नका, कारण कडेच्या इमारती बाहेर झुकलेल्या दिसतात आणि अंतरांचा अंदाज चुकतो. आपण कुठे आहोत, हे प्रेक्षकाला या वरच्या चित्रावरून कळते. दर फेरीअखेर त्यावर चार-पाच सेकंद परत या.

बाकीचे दोन्ही कॅमेरे टेबलाच्या एकाच लांब बाजूला ठेवा. एक सेना पडद्याच्या डावीकडे आणि दुसरी उजवीकडे, ही रचना पूर्ण सामनाभर बदलू नये. मध्येच पलीकडच्या बाजूने चित्र घेतले की दोन्ही सेनांची जागा उलटते आणि कोण कोणावर चालून जाते आहे ते कळेनासे होते. तिसऱ्या फेरीत तुमचा जो गोंधळ झाला, त्याचे कारण बहुधा एकाच कोपऱ्यातला फोन असेल, पण कॅमेरे वाढवल्यावर हा दुसरा गोंधळ उभा राहू शकतो, म्हणून आधीच सांगून ठेवते.

जवळची दृश्ये घेताना जुना कॅमेरा थेट टेबलावर टेकवा. हे पुतळे साधारण २८ ते ३२ मिलिमीटर उंचीचे असतात, म्हणजे पुतळ्याच्या नजरेची पातळी टेबलापासून जेमतेम तीन सेंटिमीटरवर येते. वरून पाहिले की तो खेळण्यातला वाटतो आणि त्याच्या पातळीवरून पाहिले की माणसासारखा उभा राहिलेला दिसतो. इथे एक मोठी चूक हमखास होते. पार्श्वभूमी धूसर झाली की चित्र सुंदर दिसते, असे समजून अनेक जण लेन्सचे छिद्र पूर्ण उघडतात. वास्तविक, फार थोडा भाग स्पष्ट आणि बाकी सगळे धूसर, हे दृश्य आपला मेंदू लहान वस्तूशीच जोडतो, आणि मग तुमचा राक्षस आणखीच चिमुकला दिसू लागतो. त्याला भव्य दाखवायचे असेल, तर मागची इमारतही स्पष्ट दिसली पाहिजे. त्यासाठी छिद्र एफ ८ ते एफ ११ इतके लहान ठेवावे (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). एफ ४ वरून एफ ११ वर गेल्यास प्रकाश जवळपास आठपट कमी होतो, म्हणून दिवे वाढवावे लागतात. ही तयारी नसेल, तर जवळच्या दृश्यासाठी दुसरा फोनच बरा, कारण त्याच्या लहान सेन्सरमुळे अधिक भाग आपोआप स्पष्ट राहतो.

छतावरचा एकटा दिवा हा रंगकामाचा खरा शत्रू आहे. वरून सरळ पडलेल्या उजेडात चेहरे टोपाच्या सावलीत जातात आणि तुम्ही पुढे वाकलात की तुमचीच सावली रणभूमीवर पडते. टेबलाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून, साधारण ४५ अंशांच्या कोनातून, पांढऱ्या कापडातून गाळलेला उजेड द्या आणि एक दिवा दुसऱ्यापेक्षा थोडा मंद ठेवा, म्हणजे खाचाखोचा आणि कडांवरची रंगछटा उठून दिसेल. दोन्ही दिव्यांचे रंगतापमान, म्हणजे उजेडाची पिवळसर किंवा निळसर छटा, एकच असावे. फोनमधील फोकस, एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) आणि श्वेतसंतुलन (व्हाइट बॅलन्स) सुरुवातीलाच लॉक करा; अन्यथा पांढऱ्या बाहीचा हात चौकटीत येताच पूर्ण टेबल काळवंडते. काही दिवे विजेच्या वारंवारतेनुसार लुकलुकतात आणि चित्रात आडवे पट्टे येतात. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद आणि ६० हर्ट्झचा असेल तर १/६० किंवा १/१२० ठेवावे.

तिसरे उत्तर

पहिल्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. कंटाळवाणे भाग कापण्याच्या भरात फाशांचे चित्रीकरणही कापले जाते आणि पडद्यावर फक्त निकाल येतो. प्रेक्षकाचा विश्वास तिथेच डळमळतो. सगळे फासे दाखवायची गरज नाही, हे मान्य. पण ज्या फाशांवर सामना फिरला, ते हातातून सुटल्यापासून थांबेपर्यंत एकाच अखंड दृश्यात दिसले पाहिजेत. त्यासाठी फाशांचा ट्रे वरच्या कॅमेऱ्याच्या चौकटीत, ठरलेल्या जागी ठेवा आणि अंक गडद रंगातले, दुरून वाचता येतील असे निवडा. नियम चुकल्याचे नंतर लक्षात आले, तर तेही लपवू नये. निवेदनात एका वाक्यात सांगून पुढे जावे.

ध्वनीचा विषय अजून कोणी काढलेला नाही आणि माझ्या अनुभवात प्रेक्षक सर्वाधिक गमावतो तो इथेच. अंधूक चित्र माणूस काही काळ सहन करतो, घुमणारा आवाज करत नाही. दोघांच्याही शर्टाला, हनुवटीच्या एक वीतभर खाली, छोटा माइक लावा. ट्रेच्या तळाला जाड फेल्ट चिकटवा, कारण लाकडावर आपटलेल्या फाशांचा आवाज बोलण्याच्या कितीतरी वर उसळतो. सुरुवातीला सर्व कॅमेऱ्यांसमोर एकदा टाळी वाजवली, की संकलनात चित्र आणि आवाज जुळवणे सोपे जाते. सामना चालू असतानाच सगळे स्पष्ट बोलण्याचा अट्टहास मात्र करू नका. आम्ही खेळतानाचे फक्त उत्स्फूर्त उद्गार ठेवतो आणि मुख्य निवेदन दुसऱ्या दिवशी, निकाल माहीत असताना, लिहून ध्वनिमुद्रित करतो. कोणता क्षण महत्त्वाचा होता, हे तोपर्यंत आपल्यालाही उमगलेले असते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. जुन्याच सामन्याचे चित्रीकरण घेऊन, केवळ निर्णयांचे क्षण ठेवून, मी ते पुन्हा संकलित केले आणि दोन तासांचा व्हिडिओ ३८ मिनिटांवर आला. आश्चर्य म्हणजे सामना पाचव्या फेरीत नव्हे, तर दुसऱ्याच फेरीत फिरला होता. माझ्या मित्राने डावीकडचे ठाणे राखायला एकच तुकडी ठेवली आणि पुढचे सगळे त्यातून घडत गेले. खेळताना हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आले नव्हते. आता व्हिडिओची सुरुवात त्याच निर्णयाने केली आहे.

काल वरचा फोन आणि दोन दिवे लावून पाहिले. छायांचा प्रश्न सुटला, पण चिलखतांचा धातुरंग आणि टेबलावरच्या नदीचे राळेचे (रेझिनचे) पाणी वरून पाहताना इतके चमकते, की त्या भागात पांढऱ्या डागांखेरीज काही दिसत नाही. दिवे मंद केले तर बाकीचे टेबल अंधारते. यावर काही उपाय आहे का?

दुसरे उत्तर देणाऱ्यांकडून

नदी आणि चिलखते यांचे उपाय वेगवेगळे आहेत. राळेच्या पाण्यावरची चमक फोनसमोर ध्रुवण फिल्टर (पोलरायझर) धरून तो हळूहळू फिरवल्यास एका विशिष्ट कोनात काही प्रमाणात मावळते. धातुरंगावर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही, कारण धातूवरून परावर्तित झालेला प्रकाश तसा ध्रुवित होत नाही. तिथे दिव्याचा पृष्ठभागच मोठा करावा लागतो: कापड दिव्यापासून आणखी दूर, टेबलाच्या बाजूला, शक्य तितके मोठे ताणून बांधा, म्हणजे टोकदार डागाऐवजी चिलखतावर रुंद, मऊ उजळ पट्टा दिसेल. त्यानंतरही खटकले तर पुतळ्यांवर मॅट वार्निशचा पातळ थर देता येतो, पण त्याने धातूची झळाळी कायमची मंदावते, म्हणून आधी एखाद्या जुन्या पुतळ्यावर करून पाहा.